इशारा : खुणेपासून ताकिदीपर्यंत

मी चौथीत असताना शाळेतून चिठ्ठी आली : 'फी भरण्याबाबत हा शेवटचा इशारा.' अम्मीला मराठी वाचता येत नसे, म्हणून मीच वाचून दाखवली. ती हसली. आमच्या घरच्या बोलीत इशारा म्हणजे डोळ्याची, बोटाची खूण. "इशाराच केलाय ना? पगार झाला की बघू," असं म्हणून तिनं चिठ्ठी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी वर्गाबाहेर उभा होतो.

घरात खूण असलेला शब्द शाळेत धमकी कसा झाला?

शब्द मूळचा अरबी. 'अशारा' म्हणजे खुणावणं, बोट दाखवणं. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. १८५३ साली वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्याआधी इथल्या दप्तरांत फारसी शब्दांचा मोठा राबता होता. उर्दूत हा शब्द खुणेपाशीच राहिला. मराठीत मात्र खुणेचं सूचन झालं आणि सूचनेची ताकीद झाली.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. इंग्रजीत हातानं खुणावून बोलावण्याला 'बेकन' म्हणतात. धोका कळवायला टेकडीवर पेटवत त्या जाळाला 'बीकन' म्हणतात. दोन्ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं. त्याचा अर्थ खूण.

खूण कळते तिचा फायदा, न कळते त्याचा तोटा. आमच्या खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. जुन्या बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. त्याला भाव कळत नसे. पुढे नियमांचा बाजार आला, उघडा लिलाव आला आणि भाव मोठ्यानं बोलला जाऊ लागला.

त्या चिठ्ठीपुढे अम्मी त्या शेतकऱ्यासारखीच होती.

अरबीत याच धातूपासून 'मशवरा' आणि 'मुशीर' हे शब्द झाले : सल्ला आणि सल्लागार. म्हणजे बोट दाखवणारा मुळात वाट दाखवणारा होता. शाळेच्या चिठ्ठीत तेवढं उरलं असतं, तर मास्तरांनी अम्मीला बोलावून समजावलं असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी रेडिओवर 'मुसळधार पावसाचा इशारा' ऐकला. मी अम्मीकडे पाहिलं. ती काही न बोलता उठली आणि अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या आत घेऊन आली.