जोडीने बदलणारी अक्षरे

पाठचिकित्सा आपल्याला परिचित आहे. हस्तलिखिते शेजारी ठेवायची, पाठभेद टिपायचे आणि मूळ संहितेच्या जवळ जायचे. रायबोसोमच्या संशोधनात जवळपास हीच रीत वापरली गेली. शोध मात्र मूळ पाठाचा नव्हता, आकृतीचा होता.

पेशीत प्रथिने घडवणारा रायबोसोम स्वतः आरएनए आणि प्रथिने यांचा बनलेला असतो. खरे काम प्रथिनेच करतात, आरएनए हा नुसता सांगाडा, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७२ साली हॅरी नोलर यांनी आरएनएवर परिणाम करणारे एक रसायन वापरले, तेव्हा रायबोसोम निकामी झाला. या समजुतीला तो पहिला मोठा धक्का म्हणता येईल.

ई. कोलाय जिवाणूच्या १६एस आरएनएमधील १५४२ अक्षरांचा क्रम १९७८मध्ये हाती आला. पण हा धागा स्वतःवरच दुमडतो. एसमोर यू आणि जीसमोर सी येऊन जोड्या जुळतात. कागदावर अशा जोड्या अगणित संभवतात. त्यांतल्या खऱ्या कोणत्या? नोलर आणि कार्ल वूज यांनी निरनिराळ्या जीवांतील हाच आरएनए ताडून पाहिला. एके ठिकाणचे अक्षर बदलले असता दूरचे दुसरे अक्षरही जोडी टिकेल असेच बदललेले आढळले, तर तिथे घडी आहे. ओवीत एका चरणाचे यमक बदलले की जोडीच्या चरणाचेही बदलावे लागते, तसेच हे. पाठचिकित्सक ज्या भेदाला लेखनिकाचा प्रमाद म्हणून बाजूला सारील, तोच इथे पुरावा ठरला. आम्हांला यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते.

१९९२ साली नोलर यांनी रायबोसोममधील बहुतेक प्रथिने काढून टाकली, तरीही पेप्टाइड बंध जुळत राहिला. मात्र काही प्रथिने उरली असल्याने शंकेला जागा होती. ती २००० साली येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने मिटवली. त्यांनी उलगडलेल्या मोठ्या उपघटकाच्या स्फटिकरचनेत, बंध जुळतो त्या जागेपासून सुमारे १८ ॲंगस्ट्रॉमपर्यंत एकही प्रथिन नव्हते. तुलनेने वर्तवलेल्या जोड्यांपैकी सुमारे ९७ टक्के जोड्याही स्फटिकरचनांत जशाच्या तशा सापडल्या.

२००९चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकटरमण रामकृष्णन, स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना रायबोसोमच्या रचना व कार्यावरील संशोधनासाठी मिळाले. तिघांपलीकडे हे पारितोषिक जात नाही, हे खरे. योनाथ यांनी १९८०पासून स्फटिकांसाठी घेतलेले कष्टही निर्विवाद आहेत. पण अखंड रायबोसोमची ५.५ ॲंगस्ट्रॉम विभेदनाची रचना २००१ साली नोलर यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाली होती, आणि त्या तिघांत त्यांचे नाव नव्हते.