प्रौढांमधील एडीएचडी व नैराश्य : उपचारतज्ज्ञाची निवड

प्रौढांमधील एडीएचडी आणि नैराश्य हे दोन स्वतंत्र विकार असले, तरी ते पुष्कळदा एकाच व्यक्तीत आढळतात. एडीएचडी, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, मेंदूच्या जडणघडणीशी निगडित असून त्याचा आरंभ बालपणातच झालेला असतो. नैराश्य मात्र कोणत्याही वयात उद्भवू शकते. दोन्ही एकत्र असताना बहुधा नैराश्यच आधी लक्षात येते, त्यावरच औषध सुरू होते आणि अवधानाचा मूळ विकार वर्षानुवर्षे निदानावाचून राहतो. अशा रुग्णाच्या बाबतीत योग्य तज्ज्ञाची निवड हा उपचारांचाच पहिला भाग ठरतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील व्यवस्थेचा, विशेषतः जालना शहर व जिल्ह्याच्या संदर्भात, परामर्श घेतला आहे.

दोन विकारांची सरमिसळ

एकाग्रता न होणे, कामे रेंगाळणे, निर्णय न घेता येणे, झोप बिघडणे आणि चिडचिड ही लक्षणे दोन्ही विकारांत दिसतात. फरक मुख्यतः काळाचा आहे. नैराश्य आलेली व्यक्ती सहसा 'पूर्वी मी अशी नव्हते' किंवा 'असा नव्हतो' असे सांगू शकते. एडीएचडी असलेल्या व्यक्तीला असा 'पूर्वीचा' काळ आठवत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १७ वर्षांवरील व्यक्तीत अवधानन्यूनतेची किंवा अतिचंचलतेची किमान पाच लक्षणे असावी लागतात, त्यांपैकी काही वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात आणि त्यांचा त्रास घर व काम अशा एकाहून अधिक ठिकाणी व्हावा लागतो. नैराश्याच्या निदानासाठी लक्षणे किमान दोन आठवडे सलग असणे आवश्यक मानले जाते.

ज्या पिढीत ही निदाने शाळेपर्यंत पोचलेली नव्हती, त्या पिढीतील मुलांना 'धांदरट', 'विसरभोळा', 'हुशार आहे पण अभ्यास करत नाही' असे शेरे मिळाले. मुलींमध्ये धावपळीपेक्षा आतल्या आत हरवून जाणे अधिक असते. त्यामुळे त्यांच्याकडे शेऱ्यापुरतेही लक्ष गेले नाही. अर्धवट राहिलेली कामे, बदललेल्या नोकऱ्या, विसरलेले हप्ते आणि घरच्यांची बोलणी यांतून पुढे नैराश्य येते. ते औषधाने ओसरते, परंतु त्याला जन्म देणारी परिस्थिती तशीच राहते आणि काही महिन्यांनी ते परतते. वारंवार परतणारे नैराश्य हे एडीएचडीविषयी विचारणा करण्याचे एक सबळ कारण आहे.

आंतरराष्ट्रीय पाहण्यांनुसार प्रौढांमध्ये एडीएचडीचे प्रमाण सुमारे अडीच ते तीन टक्के आहे. भारतात २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात पाहणीच्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के आढळले आणि त्यांतील सुमारे ८५ टक्के व्यक्तींना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

पाट्यांवरील पदनामे

मराठीत 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द सैलपणे वापरला जातो. वर्तमानपत्रांत आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर तो औषधे देणाऱ्या डॉक्टरांसाठीही येतो आणि केवळ संवादातून उपचार करणाऱ्यांसाठीही. रुग्णाची पहिली गफलत येथेच होते, म्हणून पदनामापेक्षा पदवी व नोंदणी पाहणे इष्ट.

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम ही पात्रता मिळवलेले डॉक्टर असतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. निदान करणे, औषध देणे, रक्तदाब व अन्य शारीरिक बाबींवर लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास रुग्णालयात दाखल करणे ही कामे त्यांची. एडीएचडी आणि नैराश्य दोन्हींचा संशय असेल, तर पहिली भेट त्यांच्याकडे व्हावी असा सर्वसाधारण प्रघात आहे. कारण कोणता विकार आधी हाताळायचा आणि कोणते औषध दुसऱ्याला बाधक ठरेल, हे ठरवण्याचा अधिकार व प्रशिक्षण दोन्ही त्यांच्याकडे असते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हे डॉक्टर नसतात. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण घेतल्यावर त्यांचे नाव परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत येते. हा नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. मानसशास्त्रात एमए केलेली प्रत्येक व्यक्ती या वर्गात मोडत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या आणि बोधात्मक वर्तनोपचार हे त्यांचे क्षेत्र. प्रौढ एडीएचडीत या उपचाराचा रोख वेळेचे नियोजन, काम टाळण्याची सवय आणि 'माझ्याकडून काहीच होत नाही' ही पक्की झालेली समजूत यांवर असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०६ नुसार आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध सुचवण्यास प्रत्येक व्यावसायिकाला मनाई आहे. त्यामुळे मानसशास्त्रज्ञाने गोळ्या लिहून देणे नियमबाह्य ठरते.

समुपदेशक ही संज्ञा सर्वांत मोकळी आहे. तीत उत्तम प्रशिक्षित माणसेही आहेत आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेलीही. 'एडीएचडी कोच' म्हणवणाऱ्यांसाठी भारतात नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था नाही. निदान झाल्यानंतरचा आधार म्हणून त्यांचा उपयोग होऊ शकतो, निदानासाठी नव्हे. 'न्यूरो' म्हणून ओळखले जाणारे मेंदूविकारतज्ज्ञ फेफरे, पक्षाघात, डोकेदुखी यांवर उपचार करतात. 'मनोविकार' हा शब्द टाळण्यासाठी अनेक कुटुंबे आधी त्यांच्याकडे जातात आणि मेंदूचे स्कॅन काढून परततात. या दोन्ही विकारांचे निदान स्कॅनवरून होत नाही.

कुटुंबाच्या डॉक्टरांचे स्थान वेगळे आहे. नैराश्य बरेचदा अंगदुखी, धडधड, अपचन, झोप न लागणे अशा तक्रारींच्या रूपाने त्यांच्यासमोर येते. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पडताळून पाहण्याचे काम ते करू शकतात. केवळ झोपेच्या गोळीवर महिनोन्महिने ठेवलेला रुग्ण मात्र योग्य ठिकाणी पोचलेला नसतो.

औषधे आणि कायद्याची अट

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. एडीएचडीवर मेथिलफेनिडेट हे उत्तेजक आणि ॲटोमॉक्सेटिन हे अनुत्तेजक अशी दोन औषधे भारतात प्रामुख्याने वापरली जातात. दोन्ही विकार असल्यास सामान्यतः अधिक तीव्र असलेल्यावर आधी उपचार होतात; आत्महत्येचे विचार असतील, तर नैराश्य अग्रस्थानी येते. फ्लुऑक्सेटिन व पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे ॲटोमॉक्सेटिनचे रक्तातील प्रमाण वाढवतात. नैराश्याआड द्विध्रुवी विकार दडलेला असेल, तर उत्तेजक किंवा नैराश्यरोधक औषधाने उन्मादाची अवस्था उद्भवू शकते. म्हणून पूर्वी कधी झोपेची गरजच न भासता अतिउत्साहात गेलेले दिवस होते का, हा प्रश्न न विचारता औषध लिहिणारे डॉक्टर घाई करत आहेत असे समजावे.

मेथिलफेनिडेट हे अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या सूचीत असून औषध नियमांच्या 'अनुसूची एक्स'मध्येही आहे. ते विकण्यासाठी औषध दुकानाला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. लहान शहरांतील बहुतेक दुकाने या खटाटोपात पडत नाहीत. शिवाय २५ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुसूची एक्समधील औषधे फोन किंवा व्हिडिओवरील सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. मोठ्या शहरातील तज्ज्ञाशी पडद्यावर बोलून उपचार घेऊ पाहणाऱ्या रुग्णाला ही अट बहुधा उशिरा कळते. समुपदेशन व बोधात्मक वर्तनोपचार दूरस्थ पद्धतीने चालू शकतात. या एका औषधासाठी मात्र प्रत्यक्ष भेट टळत नाही. डॉक्टर निवडतानाच ते औषध जवळ कोठे मिळते, हे त्यांना विचारून घ्यावे.

जालना जिल्ह्यातील स्थिती

कुंडलिका नदीमुळे जालना शहराचे जुना जालना व नवा जालना असे दोन भाग पडले आहेत. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९.५९ लाख होती. राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जालन्यात असे रुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने मान्यता दिली आहे. तथापि एडीएचडी व नैराश्य असलेल्या बहुसंख्य प्रौढांना मनोरुग्णालयाची नव्हे, तर नियमित बाह्यरुग्ण सेवेची गरज असते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

शासकीय सेवेचा पाया म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. तो १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग असून जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर चालतो. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'त जालन्याचाही समावेश झाला. शेतकरी कुटुंबांतील नैराश्य व आत्महत्येचे विचार आशा कार्यकर्तींनी हेरावेत आणि रुग्णाला पुढे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. तीत नैराश्य सापडते; बालपणापासूनच्या अवधानाच्या तक्रारी सापडण्यासाठी पुढच्या डॉक्टरांनी वेगळे विचारावे लागते. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगर येथील, 'घाटी' या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे जालनेकरांसाठी मोठे संदर्भ केंद्र आहे. रेल्वे व एसटीने एका दिवसात जाऊन येता येत असल्याने, ओळखीचे कोणी पाहील या संकोचातून गावातील दवाखाना टाळणारेही तिकडे जातात. हा संकोच समजण्याजोगा असला, तरी महिन्यातून एकदा प्रवास करणे अनेकांना पुढे झेपत नाही आणि औषध मध्येच सुटते. एडीएचडी असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर भेटीची तारीख विसरणे हा विकाराचाच भाग असतो. निदान मोठ्या केंद्रात आणि पाठपुरावा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे, अशी विभागणी दोन्ही डॉक्टरांच्या संमतीने करता येते.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलि-मानस' ही केंद्र शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. जवळची सेवा कोठे आहे, हे विचारण्यासाठीही तिचा उपयोग होतो. आत्महत्येचा विचार तीव्र असल्यास तज्ज्ञाच्या शोधात वेळ न घालवता जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा किंवा १०८ ही रुग्णवाहिका बोलवावी.

पहिली भेट

प्रौढ एडीएचडीचे निदान दहा मिनिटांत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली सहा प्रश्नांची चाळणी प्रश्नावली केवळ संशय दर्शवते. ती भरून 'मला एडीएचडी आहे' असे ठरवणे जितके चूक, तितकेच ती पाहून डॉक्टरांनी लगेच औषध देणेही. भेटीला जाताना शाळेची प्रगतिपुस्तके न्यावीत. ती उरली नसतील, तर आई, वडील किंवा थोरले भावंड सोबत असावे, कारण सातव्या-आठव्या वर्षीचे वर्तन त्यांनाच आठवते. आधी घेतलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि ती का थांबवली, याची नोंद असावी. दारू, तंबाखू व अन्य व्यसनांविषयी खरे सांगावे. औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.

'तुम्ही प्रौढांमधील एडीएचडीवर उपचार करता का?' हा प्रश्न वेळ ठरवतानाच विचारता येतो. अनेक मनोविकारतज्ज्ञांचा या विकाराशी संबंध मुख्यतः लहान मुलांच्या संदर्भात आलेला असतो आणि तसे मोकळेपणाने सांगून दुसरीकडे पाठवणारे डॉक्टर विश्वासास पात्र असतात. 'मोठ्या माणसांना हा आजार नसतोच' असे उत्तर मिळाल्यास दुसरे मत घ्यावे. याउलट, रुग्णाने एडीएचडीचे नाव काढले असतानाही डॉक्टर आधी नैराश्य, झोप व थायरॉइडविषयी खोदून विचारत असतील, तर ती टाळाटाळ नव्हे.

तज्ज्ञ बदलताना

दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, प्रश्नांना उत्तरे मिळत नसतील किंवा दर भेटीत केवळ गोळ्यांची संख्या वाढत असेल, तर तज्ज्ञ बदलणे गैर नाही. मात्र जुने औषध स्वतःहून एकदम थांबवू नये. २०१७ चा अधिनियम २०१८ मध्ये अंमलात आला. त्यानुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा व गोपनीयतेचा हक्क आहे. नवऱ्याला, सासरला किंवा मालकाला रुग्णाच्या संमतीवाचून माहिती देणे, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, वर्ज्य आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचाच खर्च देतात, त्यामुळे बाह्यरुग्ण तपासणीचे शुल्क व महिन्याची औषधे यांचा भार सहसा रुग्णावरच राहतो.