जास्वंदीच्या सरबताचा ताळेबंद

जास्वंदीचं गार सरबत म्हणजे अस्सल गावठी पेय, असं आमच्या पालघर-बोईसरकडे कुणीही ठासून सांगेल. परसातलं झाड, घरचं लिंबू, मग परकं काय आलं त्यात? पण बँकेतल्या कारकुनाला खातं उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली नोंद फुलाची. गणपतीचं हे लाडकं फूल. पण लिनियसनं 1753 साली त्याच्या शास्त्रीय नावातच 'चीनचा गुलाब' असं लिहून ठेवलंय! चुलत बहीण लाल अंबाडी, तिचं माहेर आफ्रिका. तिच्या लाल बोंडांचं गार सरबत इजिप्त-सुदानात 'कर्कदे' म्हणून पितात. 'सरबत' हा शब्द मूळचा अरबी. साखर तेवढी आपली. 'शर्करा' हे नाव आपणच जगाला दिलं.

कृती सोपी. दहा-बारा फुलांच्या नुसत्या पाकळ्या घ्या, वर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा. पाणी जांभळट होतं. गाळून साखर घाला, लिंबू पिळा, लगेच लालभडक! फुलातला रंग आंबटाला भेटला की असा लाजतो.

आता बर्फ. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. वाटेत बराच वितळला. बँकेच्या भाषेत, घसारा.

आपल्याला इतकं लांब जायला नको. 1969 साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार झाली. तिथं अणू फोडून पाणी उकळतात, वाफेवर चक्र फिरवतात आणि त्या विजेवर कुणाच्या तरी फ्रिजमध्ये पाणी गोठतं. म्हणजे एका पाण्याला उकळी, दुसऱ्याला हुडहुडी!

इथं मात्र खर्चाची बाजू लिहावी लागते. 2005-06 मध्ये तिसरी आणि चौथी अणुभट्टी सुरू झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या समुद्रकाठच्या गावांना उठावं लागलं. जास्वंदीचं बरं असतं; फांदी तोडून नव्या अंगणात खोचली की रुजते. माणसाला घर मिळालं तरी विहीर, किनारा, शेजार बरोबर नेता येत नाही.

तेव्हा सरबत जरूर करा. पाहुण्यांना विचारू द्या, "फुलं घरचीच का हो?" हो म्हणा. बर्फाचं विचारलं, तर अक्करपट्टी-पोफरणची नावं सांगा. ताळेबंदात ती सहसा येत नाहीत.