ज्वारीच्या राखणीची पोरे

सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यातली रब्बी ज्वारी पावसाळा सरताना, उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरली जाते आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसात दाणा भरू लागला की पिकाला पाखरांपासून जपावे लागते. हीच राखण. ती पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या पोरांकडे असे, कारण काम ताकदीचे नव्हते. नजर तीक्ष्ण आणि गळा मोकळा असला की भागे. धडधाकट माणसाला त्यासाठी दिवसभर अडकवून ठेवणे कुणालाच परवडत नसे.

रानात चार मेढी रोवून त्यांवर माळा बांधत. गोफणीचा एक पदर बोटात अडकवायचा, दुसरा चिमटीत धरायचा, मधल्या झोळीत खडा किंवा वाळक्या मातीचा गोळा ठेवायचा, डोक्याभोवती गरगर फिरवून दुसरा पदर सोडायचा. खडा पाखराला लागलाच पाहिजे असे नाही. गोफणीचा फटकारा आणि धाटांतली सळसळ पुरत असे. जोडीला हाकारे आणि फुटक्या डब्याचा खणखणाट. पोपट अख्खे कणीस तोडी, चिमण्या जागेवर दाणे टिपत. खरा धसका भोरड्यांचा. मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणारी ही पाखरे थव्यानेच उतरतात. नाकतोडे खाऊन ती शेताचे भलेही करतात, पण माळ्यावरच्या पोराला ते सांगून उपयोग नव्हता.

पाखरांचा जोर सकाळी आणि कलत्या उन्हात. मधले प्रहर मोकळे, आणि साऱ्या खोड्या त्या वेळेतल्या. बोरी झोडपणे, चिंचा पाडणे, हरभऱ्याचे डहाळे उपटून हावळा भाजणे, शेजारच्या रानातली कणसे आपल्या आगटीत घालणे. बऱ्याच गावांत याला अलिखित मुभा होती: पोटात मावेल तेवढे खावे, ओट्यात बांधून नेऊ नये. राखणीची मजुरी कुणी पोराच्या हातावर ठेवत नसे. ही मुभाच तिच्या जागी होती, असे म्हणायला हरकत नाही.

हुरड्याचा मोसम याच दिवसांतला. गोवऱ्यांच्या विस्तवात कणीस भाजायचे, गरम असतानाच तळहातांत चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा. त्यासाठी सुरती, गुळभेंडी असे गोड, सहज मळणारे वाण बांधाकडेला थोडे पेरत. भाकरीची ज्वारी वेगळी: मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ भाकरी आणि कडबा दोन्हींसाठी आजही नावाजलेली आहे. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे येळवस. रानात कडब्याची कोप करून पांडव पूजायचे, आंबील आणि भज्जी खायची. त्या दिवशी पोरांना माळ्यावरून सुट्टी.

काढणीनंतर खळ्यावरची कामे. सारवलेल्या खळ्यात मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात, आणि पात हाकायला पुन्हा पोरच. फाल्गुनात शिमग्यासाठी गोवऱ्या पळवणे ही तर रूढीच. ज्याच्या गेल्या तो शिव्या देई, तक्रार नेत नसे.

या आठवणी सांगताना एक बाजू हमखास गळते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शेतकरी वर्ग शाळेबाहेर का राहतो हे सांगितले, त्यात दारिद्र्याबरोबर हेही कारण होते की गुरे वळायला आणि शेत सांभाळायला पोरे लागतात. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सुगी आणि शाळा यांची ओढाताण किती होती ते त्या दंडावरून कळते. मुलींच्या वाट्याला तर माळाही क्वचितच आला. धाकटी भावंडे सांभाळणे आणि खुरपणीला जाणे हेच त्यांचे हंगामी काम, आणि त्याच्या आठवणी फारशा कुणी लिहिल्या नाहीत.

पुढे शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली, मळणी यंत्रावर गेली आणि पाणी आले तिथे ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुरडा आता कृषी पर्यटन केंद्रांत माणशी दर लावून मिळतो. गोफण तिथे शहरी मुलांना गंमत म्हणून फिरवायला देतात. शेतावर मात्र राखणीला माणूस मिळत नाही. आजूबाजूला ऊस आणि मधे ज्वारीचा एकच तुकडा उरला की परिसरातली सगळी पाखरे त्यावरच उतरतात, आणि पुढच्या वर्षी तो शेतकरीही ज्वारी पेरायचे सोडतो.