मोरबाथची हिशेबवही

इंग्लंडचा इतिहास आपल्याला राजा-राण्यांच्या नावांनी शिकवला जातो. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ. कोणी पोपशी संबंध तोडले, कोणाच्या काळात कोणाला जाळले, एवढे पाठ झाले की धर्मसुधारणेचा धडा संपतो. पण वीस वर्षांत सरकारने तीनदा धर्म बदलला, तेव्हा खेड्यातल्या मेंढपाळाचे काय झाले? परीक्षेत हा प्रश्न कधी येत नाही. त्याचे उत्तर मात्र एका हिशेबाच्या वहीत आहे.

मोरबाथ हे डेव्हन परगण्यातले, एक्समूरच्या माळाच्या कडेला वसलेले गाव. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम तेहतीस कुटुंबे होती. इंग्लंडात एका चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळे आपल्याच पॅरिशच्या चर्चमध्ये व्हायचे आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा तिथे द्यावा लागायचा. आपल्या उश्रची आठवण व्हावी असाच हा हिस्सा, फरक इतकाच की तो कायद्याने वसूल होई आणि पाद्र्याची उपजीविका त्यावर चाले. चर्चची मालमत्ता सांभाळायला गावातूनच वॉर्डन नेमले जात. आपले मुतवल्ली समजा. मोरबाथमध्ये ही पाळी बायकांवरही येत असे. आपल्या किती मस्जिदींच्या कमिट्यांत असे घडते, हे ज्याने त्याने मोजावे.

१५२० साली इथे ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा पाद्री आला. वॉर्डनांच्या वतीने हिशेब तोच लिहायचा आणि वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर वाचून दाखवायचा. त्यामुळे ही वही वाचताना कोणीतरी मोठ्याने बोलत असल्यासारखे वाटते.

हिशेब होता मुख्यतः मेंढ्यांचा. माता मेरीची, संतांची अशी वेगवेगळी खाती होती. तरुण मुलांचे एक, मुलींचे एक. खात्यांच्या मेंढ्या घरोघर वाटून दिलेल्या असत. मेंढी सांभाळायची तुम्ही, लोकर चर्चची. कोणती मेंढी मेली, कोणाची हरवली, लोकरीचे किती आले, सगळे लिहिलेले. या पैशातून संतांच्या मूर्तींसमोर मेणबत्त्या जळायच्या. उरलेली भर चर्चच्या नावाने बिअर गाळून, गावाला मेजवानी देऊन निघे. हे वाचून आपण कपाळाला आठ्या घालू. पण मेंढ्यांचा हा व्यवहार वक्फपासून फार लांबचा नाही. मूळ राखायचे आणि उत्पन्न देवाच्या कामी लावायचे.

ट्रिकीची एक इच्छा होती. मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी घालायला चांगली काळी वस्त्रे हवीत. चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवरचा आपला दहावा हिस्सा त्याने त्यासाठी सोडला, लोकांनी आपापल्या परीने थोडे थोडे घातले. जवळपास वीस वर्षे ही जमवाजमव चालली होती. १५४७ मध्ये वस्त्रे आली. त्याच वर्षी हेन्री मेला, नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला, आणि दोन वर्षांत मृतांसाठीची ती प्रार्थनाच बंद झाली.

तडाखे आधीच सुरू झाले होते. १५३८ च्या फर्मानाने मूर्तींसमोरचे दिवे विझवले. गंमत अशी, की बाप्तिस्मा-लग्न-दफनाची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी हा हुकूमही त्याच फर्मानात होता. आज इंग्लंडमधले लोक आपले पूर्वज शोधतात ते या नोंदवह्यांतून. एडवर्डच्या काळात मूर्ती काढल्या गेल्या, मेंढ्यांची खाती मोडली, चर्चच्या वस्तू विकल्या गेल्या.

१५४९ मध्ये लॅटिनऐवजी इंग्रजी प्रार्थनेची सक्ती झाली आणि डेव्हन व कॉर्नवॉलमध्ये बंड पेटले. बंडखोरांनी एक्सेटर शहराला महिनाभराहून अधिक काळ वेढा घातला. कॉर्नवॉलच्या लोकांची एक तक्रार अशी, की आमच्यातल्या काहींना इंग्रजी कळतच नाही. इतिहासकार यावर किंचित हसतात, कारण लॅटिन तरी कुठे कळत होती? मला हसू येत नाही. मी भाषा शिकवतो, मुलांना अर्थ कळला पाहिजे यासाठी रोज घसा कोरडा करतो, आणि नमाज अरबीत पढतो. आजीच्या ओठांवर जे शब्द पाहिले त्यांचा अर्थ शब्दकोशाबाहेरही असतो. अर्थ समजून घेणे चांगलेच. पण लंडनहून सैन्य पाठवून ते करायचे नसते.

मोरबाथच्या वहीत त्या वर्षी पाच तरुणांची नावे येतात. गावाने त्यांना पैसे आणि हत्यारे देऊन एक्सेटरजवळच्या छावणीकडे पाठवले. ही छावणी बंडखोरांची होती, असे एमन डफी या इतिहासकाराने मोरबाथवरच्या आपल्या २००१ च्या पुस्तकात दाखवले. म्हणजे गावाने राजद्रोह केला आणि त्याचा खर्च मेंढ्यांच्या हिशेबासारखाच सरळ लिहून ठेवला! ऑगस्टमध्ये लॉर्ड रसेलच्या फौजेने बंड चिरडले. हजारो मारले गेले.

१५५३ मध्ये मेरी राणी झाली आणि जुना धर्म परत आला. तेव्हा मोरबाथच्या घरांतून एकेक वस्तू बाहेर पडू लागली. कोणी मूर्ती दडवली होती, कोणी आणखी काही. इतकी वर्षे शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली केली नव्हती. कोणी काय परत आणले ते ट्रिकीने नावानिशी लिहिले आहे, आणि त्यातला आनंद लपत नाही.

पाच वर्षांत मेरीही गेली. एलिझाबेथ आली, पुन्हा इंग्रजी प्रार्थना. ट्रिकी तिथेच राहिला. चार राज्यकर्ते आले-गेले, हा पाद्री तोच. काहींना तो वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवणारा वाटेल. मला तसे वाटत नाही. बाप्तिस्मा द्यायला, मयताला माती द्यायला गावात कोणीतरी हवे होते, आणि त्या तेहतीस घरांतली बहुतेक माणसे त्याच्याच हाताखाली लहानाची मोठी झाली होती. पाद्री निघून गेला असता तर प्रार्थना काही लॅटिनमध्ये परतली नसती. तो १५७४ मध्ये वारला. चोपन्न वर्षांत त्याने मोरबाथ सोडले नाही, आणि शेवटच्या काळातही चर्चच्या दुरुस्तीचे, कोणाकडून किती यायचे त्याचे हिशेब तो लिहीतच होता.