पेट्रोलच्या वासाचा माग

नाशिकहून आग्र्याच्या रस्त्यानें सुमारें 65 किलोमीटर गेलें म्हणजे सातमाळा डोंगराच्या कुशींत चांदवड लागतें. होळकरांचा रंगमहाल व रेणुकादेवीचें देवस्थान यांमुळें हें गांव प्रसिद्ध आहे. पण मोटार हांकणाराच्या मनांत त्याची ओळख निराळी असते. मालेगांवकडून येणारी गाडी राहुडचा घाट चढून चांदवडला विसावते. इंजिन तापलेलें असतें, वारा थांबलेला असतो, आणि अशा वेळीं गाडींत पेट्रोलचा वास दरवळला तर दोन प्रश्न उभे राहतात : हा वास येतो कोठून, आणि पुढें जावें कीं जाऊं नये?

पेट्रोल हा स्वभावानेंच चंचल पदार्थ आहे. शून्याच्या खालीं 40 अंश इतक्या थंडींतहि त्याची वाफ पेट घेऊं शकते. मग चैत्र-वैशाखांतील उन्हाची गोष्टच नको. ही वाफ हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळें वर न जातां तळाशीं सांचते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा दीडच्या आसपास गेलें कीं एक ठिणगी पुरे होते. सुदैवानें मनुष्याचें नाक याहून कितीतरी विरळ वाफ ओळखतें. परंतु तेंच नाक थोड्या वेळांत त्या वासास सरावतें. म्हणून वास कमी वाटला यावरून दोष गेला असें अनुमान काढणें घातक होय. या उपयुक्त पण लहरी साक्षीदाराची साक्ष नीट कशी घ्यावी, हें मोटारीच्या इतिहासांत हळूहळू शिकलें गेलें.

त्या शिक्षणाचा आरंभ मोटारीइतकाच जुना आहे. इ. स. 1886 मध्यें कार्ल बेंझ यांनीं जर्मनींत आपल्या मोटारीचें पेटंट घेतलें. 1888 च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीनें गेल्या. वाटेंत व्हीसलोख येथें औषधांच्या दुकानांतून त्यांनीं इंधन विकत घेतलें, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हां टोपीच्या टांचणीनें ती मोकळी केली. इंधनाच्या वाटेवरील दोष रस्त्यावर शोधून दुरुस्त करण्याचें हें पहिलें प्रसिद्ध उदाहरण होय. पुढें 1893 मध्यें विल्हेल्म मायबाख यांनीं इंधनाचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्याच्या कोठडींत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल ठराविक पातळीस आलें कीं तो सुईसारखी झडप दाबून वाट बंद करतो.

टाकींतील पेट्रोल तेथवर न्यावयाचें कसें, हा पुढचा प्रश्न होता. फोर्डच्या मॉडेल टी गाडींत तें केवळ उतारानें वाहत येई. म्हणून पेट्रोल थोडें असतां उभा चढ लागला तर गाडी उलटी फिरवून मागच्या गतीनें चढवावी लागे. 1920 नंतरच्या दशकांत इंजिनावर चालणारा पंप रूढ होऊं लागला व ही अडचण मिटली. मात्र पंपांतील पातळ पडदा हें गळतीचें नवें ठिकाण झालें.

वालचंद हिराचंद यांनीं 1944 मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या पद्मिनी गाडींत हाच पंप आणि हाच कार्ब्युरेटर होता, व महाराष्ट्रांतील मिस्त्र्यांच्या दोन पिढ्यांनीं वासाची परीक्षा अशाच गाड्यांवर शिकली. घाट चढून थांबल्यावर वास आला व गाडी गार होतांच तो गेला, तर कोठडींतील पेट्रोल उष्णतेनें उकळलें असें समजावें. चालत्या इंजिनांत कार्ब्युरेटर बाहेरून ओला दिसला, तर झडपेंत कचरा अडकला किंवा फ्लोटला भोंक पडलें. तेलाची पट्टी काढून हुंगली व तिला पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा.

पुढें वाफ कोंडून ठेवण्याचे उपाय निघाले. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत 1970 पासून व इतरत्र 1971 पासून टाकीची वाफ कोळशाच्या डब्यांत शोषून इंजिनांत जाळण्याची योजना आली. भारतांत 2000 च्या सुमारास कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शननें घेतली. आतां टाकी कांठोकांठ भरल्यावरच वास आला तर झाकणाचें रबर, भरण्याची नळी व तो डबा तपासावा. इंजेक्शनच्या नळींत दाब बराच असल्यामुळें तेथील लहानशी चीरहि फवारा उडविते. हा दोष क्षणभरहि उपेक्षा करण्यासारखा नव्हे.

या इतिहासाचा एक दुवा चांदवडच्या शेजारींच आहे. सुमारें 25 किलोमीटरवरील मनमाड येथें तेलाचीं मोठीं कोठारें आहेत. पेट्रोलमध्यें शेंकडा 5 इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग केंद्र सरकारनें 2001 मध्यें मिरज, मनमाड व उत्तर प्रदेशांतील बरेली येथें केला. 2003 मध्यें ही योजना नऊ राज्यांत आली, आणि 2025 मध्यें हें प्रमाण शेंकडा 20 पर्यंत गेलें. उंसाच्या मळीपासून होणारें हें इंधन देशाच्या तेलाच्या आयातीस आळा घालतें. पण जुन्या गाड्यांचें रबर त्यासाठीं घडविलेलें नव्हतें. तें फुगतें, मऊ पडतें, पुढें चिरतें. म्हणून जुन्या गाडीला वास येऊं लागला तर एक नळी बदलून थांबूं नये. इथेनॉल सोसणाऱ्या सर्व नळ्या व वायसर एकदमच घालावे.

यंत्र बदललें, इंधन बदललें. शोधाची रीति मात्र तीच राहिली. वास केव्हां येतो तें आधीं पाहावें, मग कोठून येतो तें पाहावें, आणि हत्याराला हात त्यानंतर घालावा. पेट्रोल ठिबकतांना दिसलें तर गाडी बंद करून प्रवाशांस दूर न्यावें, काडी किंवा विडी पेटवूं नये, आणि इंजिन पुन्हां सुरू करूं नये. चांदवडच्या थांब्यावर मिस्त्रीची वाट पाहण्यांत गेलेला एक तास प्रवासांत भरून काढतां येतो. पेटलेल्या गाडींतून गेलेलें मनुष्य परत आणतां येत नाहीं.