पोटातली पखाल

‘पोटात पाणी झालंय’ हे आपल्याकडचं बोलणं फार जुन्या कुळीचं आहे. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्र वरुणाला मुलगा अर्पण करण्याचा शब्द देतो आणि टाळत राहतो. पाण्याचा हा देव मग त्याला धरतो तो पोटातच. राजाचं उदर फुगतं. राजाच्या मुलाच्या जागी यूपाला, यज्ञाच्या खांबाला, बांधलेला शुनःशेप ऋचा म्हणत जातो, तसतसे त्याचे पाश सुटतात आणि इकडे राजाचं पोट उतरत जातं.

जल अधिक उदर, जलोदर. वैद्यांनी उदररोग आठ मानले. बाकीचे सगळे अखेर या पाण्याकडेच जातात, हेही त्यांनी टिपलं. ग्रीकांना फुगलेलं पोट पाहून ‘आस्कोस’ आठवली, म्हणजे आपली कातड्याची पखाल. डॉक्टरांचं ‘असायटिस’ तिथून आलं.

पण पखालीत पाणी भरतं कोण? आतड्यांकडचं रक्त यकृतातून वाट काढतं. दारूने किंवा काविळीच्या जुनाट विषाणूने यकृत वर्षानुवर्षं सुजत राहिलं, की त्यात वण धरतात, ते निबर होतं. मागे शिरेत दाब तुंबतो, आतड्यांकडच्या धमन्या सैलावतात. मूत्रपिंडं समजतात की अंगात रक्तच कमी पडलंय, आणि मीठ-पाणी धरून ठेवतात. त्यात रक्तातलं अल्ब्युमिनही घटलेलं. हे प्रथिन पाण्याला वाहिनीत धरून ठेवतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १८९६ मध्ये दाखवलं. पाणी पाझरतं ते पोटात. म्हणून पहिलं पथ्य मिठाचं.

मला थक्क करतो तो सुश्रुत. नाभीखाली, डावीकडे, रोमराजीपासून चार बोटं सोडून भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या व्रीहिमुख शस्त्राने वेध घ्यावा, नळी घालून पाणी काढावं, पण सगळं एकाच दिवशी काढू नये. तसं केलं तर तहान लागते, ज्वर येतो, धाप लागते. मग पोट लोकर, रेशीम किंवा चामड्याने घट्ट आवळावं.

माझ्या मामांच्या पोटातलं पाणी काढलं तेव्हा सुई डावीकडेच होती. गवती रंगाचं पाणी पिशवीत उतरत होतं. पाच लिटरच्या पुढे गेल्यावर नर्सने हाताला अल्ब्युमिनची बाटली लावली. एकदम पाणी गेलं तर रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बसतात, म्हणून लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम. संध्याकाळी मामा कितीतरी दिवसांनी उताणे झोपले.